सहा कीबोर्ड, एक हात

३ जून
सहा खोल्यांत ठेवलेल्या, संगणकाला बिनतारी जोडलेल्या सहा वाजवायच्या कीबोर्डांचा खरा खर्च: सहा बोटभर रिसीव्हर, दोन दिवस आणि माझं दुरुस्तीचं दुकान. ते विकल्याशिवाय ताईच्या संगीतवर्गात येऊन राहणं जमलं नसतं. पण ताईनं बोलावलं आणि मी नाही म्हणालो, असं कधी झालंय? आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. बाकीचं सगळं या दहा बोटांनी कमावलं. भिंतीआडून वाजवलं तरी माणसं माझा हात ओळखतात. उगाच नाही सांगत.

संगणक कीबोर्डांशी बोलतो ती भाषा मिडी; मिडी म्हणजे आवाज नव्हे. कुठली पट्टी, किती जोरानं, किती वेळ, एवढंच संगणक कळवतो. वाजतो तो कीबोर्ड. तिसरा केसभर मागे पडत होता. बाकी पाचांना तेवढंच अडवून धरलं. सहाही खोल्या एका दमात वाजल्या, तेव्हा ताई लहान मुलीसारखी हसली.

५ जून
संगणकातलं जुनं वादन भावोजींचं. ऐकताक्षणी सांगितलं, अनामिका कच्ची आहे. ताई म्हणाली, कान आहेत की मांजर पाळलंयस डोक्यात. भावोजी आता वाजवत नाहीत. हात कायम शालीखाली, घासही तीच भरवते. सांधे धरलेत म्हणे.

जोडणी तपासायला मी रोज दुपारी एका बोटाचा सराव वाजवायचा, असं ठरलं. आज उजवी करंगळी झाली.

६ जून
करंगळी बधिर. झोपेत हात दबला असणार. आज अनामिका वाजवली.

८ जून
अनामिकाही गेली. काल वाजवलेलं मधलं बोटही. सुई टोचली तर रक्त येतं, कळ येत नाही.

शेजारच्या खोलीत कुणीतरी वाजवत होतं. सरगम उतरताना शेवटचा सूर किंचित घाईनं घेणारी ती करंगळी माझी. जाऊन पाहिलं. खुर्ची रिकामी.

संगणकात साठलेली माझ्या सरावाची फाईल पुसली. वाजणं थांबलं नाही.

९ जून
भावोजींनी शाल सारली. हात मेणासारखे, एकही बोट हलत नाही. खाली मान घालून म्हणाले, तुझं नाव मी नव्हतं सुचवलं.

ताईला जाब विचारला. ती ताट वाढत होती. वर न बघता म्हणाली, "पहिला सूर कुणी शिकवला तुला? मग हात कुणाचा?"

१० जून
सराव वाजवला नाही. सहाही रिसीव्हर उपटले. कीबोर्डांवरचे दिवे तरीही चालू—

उजवा हात संपला. डाव्यानं लिहितोय. संगणकावर नोंदी उमटताहेत. पेन टेकलं की एक सूर. जोरानं टेकलं की मोठा.

ताईनंच ही वही दिली होती. रोज लिहीत जा, म्हणाली होती.

११ जून
दार बाहेरून लावलंय. अंगठा आणि एक बोट उरलं—

वर्ग भरला. सहा खोल्यांत माझा हात. मुलं, त्यांच्या आया, सगळे तासभर ऐकत होते. माझं नावही निघालं नाही. कुणालाच फरक कळला ना—