बारक्याचे खुबे

८ सप्टेंबर, कारापूर
काल केरीहून परत. बारक्या तीन दिवस सदाभाऊंच्या डायनाकडे होता. दोघं ग्रेट डेन जातीची कुत्री, दोघं अस्सल, दोघांचे कागद आहेत. कार्य पार पडलं. आमचे हे वरबापासारखे मिरवत होते. सदाभाऊ म्हणजे ह्यांचे खाणीवरच्या दिवसांपासूनचे दोस्त, त्यांनी सुंगटांचं हुमण जेवायला घालून व्याह्यांचा मान ठेवला.
गाडीतून उतरताना बारक्याने आधी पुढचे पाय टाकले, मग थोडा विचार, मग मागचे. प्रवासाने आंबला असेल.

११ सप्टें.
प्रवासाचं नाही. गणपतीच्या चवथीसाठी घरात हौसेने घातलेल्या नव्या, निसरड्या लाद्यांवर उठताना मागचे पाय फाकतात. पायऱ्या सशासारखा दोन्ही पाय जोडून चढतो. तीन वर्षांचा तर आहे. हे म्हणतात, "आळशी झालो तो. तुझोच लाड." बरं, माझाच.

१३ सप्टें.
डिचोलीला डॉक्टरीणबाईंकडे. माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची पोर, पण बारक्याला हात लावायला घाबरली नाही. खुबा दाबला तर हा बापडा कण्हला आणि तिचाच हात चाटला. म्हणाली, मोठ्या जातींत हे नेहमीचं, खुब्याचा सांधा वाटीत नीट बसत नाही. आईबापांकडून येतं. एक्स-रे काढा. छातीलाही बराच वेळ नळी लावली. ह्या कुत्र्यांची हृदयं दगा देतात म्हणे. सध्या ठीक. जेवल्यावर उड्या मारू देऊ नका, आतल्या आत पोटाला पीळ पडतो.
मग मी केरीचं सांगितलं. "काकी, हे सगळं लग्नाआधी बघायचं असतं."
लग्न लावून आलो आणि आता पत्रिका बघतोय. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

२० सप्टें.
आज मामंजींचा म्हाळ आणि आजच म्हापशाला एक्स-रे, दुपारी तीनला. गुंगीचं इंजेक्शन द्यायचं म्हणून बारक्या रात्रीपासून उपाशी. दोन्ही जमेल असं वाटलं.
कावळ्याचं पान कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. अर्धा तास कावळा नाही. हे हात जोडून उभे, "बाबा, काय रवला तुमचा? सांगा तरी." तेवढ्यात बारक्या आला. भिंत बरोबर त्याच्या हनुवटीएवढी. वडे, खीर, भाजी, सगळं साफ. पान तेवढं चाटून ठेवलं.
मी ओरडले. ह्यांचे डोळे भरलेले. "गप रव. बाबा इले नि जेवान गेले."
त्याला आणलं मामंजींनीच, नावही त्यांचंच. शेवटच्या आजारपणात तो त्यांच्या खाटेखालून हलला नाही. मी म्हापशाला फोन करून सांगितलं, कुत्रा जेवला. का जेवला ते नाही सांगितलं.

२४ सप्टें.
झाला एक्स-रे. उताणा निजवून मागचे पाय सरळ ओढून धरले. जीभ बाहेर, डोळे अर्धे उघडे. मला बघवेना, बाहेर जाऊन रडले.
उजवा खुबा वाईट. डावा मध्यम. वाटी उथळ, सांधा अर्धा बाहेर.
उपाय: वजन सहा-सात किलो उतरवणं, लाद्यांवर सुंभाची पायपुसणी, पोहणं, दुखण्यावर गोळ्या. नाहीच भागलं तर ऑपरेशन. आणि यापुढे पैदास नको.

२५ सप्टें.
झोप नाही. पिल्लू असताना मीच नाचणीच्या पेजेत कॅल्शियमची पूड घालायचे. एक चमचा लिहिलेला, मी दोन. "हाडां घट व्हयी," मामंजी म्हणायचे. गावात सगळे विचारायचे, काय घालता हो, घोडा झालाय! मला केवढा अभिमान. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढवायचं असतं, वरचं कॅल्शियम उलट वाईट.
बारक्याची माफी मागितली. त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि घोरायला लागला.

२८ सप्टें.
भांडण. हे म्हणतात, सदाक आत्ताच कित्याक सांगूचा? डायनाला राहिलं नसेल तर विषय मिटला. मी म्हटलं, आणि राहिलं असेल तर? लोक पिल्लं नेतील, आमच्यासारखी पूड घालतील, घोडा झाला म्हणून नाचतील.


१ ऑक्टोबर
सकाळी हे स्वतःच एक्स-रेचं पाकीट घेऊन केरीला गेले. मला सांगितलंही नाही. संध्याकाळी परत. सदाभाऊंनी फिल्म उजेडात धरून बराच वेळ बघितली म्हणे. मग एवढंच, "चाय घेतलंस?"

१२ ऑक्टो.
केरी. बारक्याला समुद्रात पोहायला नेलं. पाण्यात त्याला खुबेच नाहीत असं वाटतं.
डायनाला राहिलंय. पोट दिसतं. सदाभाऊंनी तिचाही एक्स-रे काढायचं ठरवलंय, पिल्लं झाल्यावर. नेणाऱ्या प्रत्येकाला बारक्याचा एक्स-रे दाखवणार आहेत. पिल्लांसाठी सांगून ठेवलेल्यांपैकी दोघांनी नावं मागे घेतली. कुठलं पिल्लू धड चालेल, कुठलं नाही, हे ती वाढल्याशिवाय कळायचं नाही, असं डॉक्टरीणबाई सांगतात.
चहाला बसलो तेव्हा सदाभाऊ म्हणाले, "वहिनी, रीत आसा. नराच्या घरची पयली निवड. पयला पिल्लू तुमचा."
मी म्हटलं, आम्हाला शेवटचं द्या. सगळ्यांचं निवडून झाल्यावर जे उरेल ते.
सदाभाऊ म्हणाले, "आणि दोन-चार उरली तर?"
परतताना गाडीत मागे बारक्या ओला, सगळी सीट अडवून झोपलेला. अस्नोड्यापर्यंत आल्यावर हे म्हणाले, "घरातल्यो लाद्यो काढून टाकूया."