ट्रकची खालची बाजू

बाबा, तुमचा ट्रक दीड महिन्यापासून माझ्या टेबलावर उलटा पडला आहे. सहाही चाकं वर, टप खाली. तुमचा जावई रोज सकाळी चहाचा कप घेऊन येतो, त्याच्याकडे बघतो आणि विचारतो, "ॲक्सिडेंट का?" पहिल्या आठवड्यात मी हसले, आता हसत नाही. वरचं सगळं काम झालं आहे. केबिनीत ड्रायव्हरची सीट आहे, गिअरचा दांडा आहे, स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात. मागचा फाळका खाली पडतो, दोन बाजूंच्या साखळ्यांवर अडतो आणि पुन्हा लावला की खट्कन बसतो, तुम्ही केलेल्या ट्रकचा बसायचा तसाच. राहिली आहे ती फक्त खालची बाजू. ती सपाट ठेवायची की गोल, हे मला कळत नाही. ते तुम्हाला माहीत होतं. मलाही माहीत असायला हवं होतं, पण ते मी शेवटी लिहीन, आत्ता धीर होत नाही.

मी गाड्या बनवते हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तुम्ही गेलात तेव्हा मला खिळा सरळ ठोकता येत नव्हता. भाऊ तुमची हत्यारांची पेटी भंगारवाल्याला द्यायला निघाला होता, म्हणून मी ती इकडे माझ्या घरी चामोर्शीला उचलून आणली आणि कित्येक वर्षं पलंगाखाली ठेवली. दवाखान्यातल्या नोकरीत दिवसभर गोळ्या मोजायच्या, पुड्या बांधायच्या, बारीक अक्षर वाचायचं. हाताला बारीक कामाची सवय लागलेली. एका रविवारी पेटी उघडली आणि आरामशीनवरून आणलेल्या सागवानाच्या तुकड्याचा ट्रॅक्टर केला. वाकडा झाला. मग दुसरा केला. आता कपाटात लाल एस.टी. आहे, बैल जुंपायची खासर आहे, रोड रोलर आहे, बांबू भरलेला ट्रक आहे आणि त्यातला प्रत्येक बांबू वेगळा आहे. आई कुरकुरते, "माया साऱ्या भांड्याइची जागा गाड्याइनं खाल्ली." येणारे-जाणारे विचारतात, घरात लहान मूल नाही, मग हे कोणासाठी? मला आजवर नीट उत्तर देता आलेलं नाही. छंद आहे म्हणते आणि चहा ठेवायला आत जाते.

तुमचं गॅरेज मात्र मला उत्तरापेक्षा नीट आठवतं. बल्लारशा रोडवर पत्र्याचं शेड, समोर नुसत्या चेसिसवर उभे ट्रक, बिनकपड्याचे. तुम्ही आणि तुमचे दोन जोडीदार त्यांना लाकडाची बॉडी चढवायचे. शाळा सुटल्यावर मी तिथे येऊन भुशाच्या ढिगावर बसायचे, तुम्ही कानावर पेन्सिल ठेवून फळी एका डोळ्याने बघायचात. एकदा मी म्हटलं, "बाबा, ही फळी वाकडी आहे." तुम्ही काटकोन तपासायचा गुण्या माझ्या हातात दिला. मी लावला. फळी काटकोनात होती. तुम्ही म्हणालात, "आधी गुण्या लाव, मंग तोंड चालव." जोडीदार हसले. मला इतका राग आला होता की दोन दिवस मी गॅरेजकडे फिरकले नाही. आज तेच वाक्य मी तुमच्या जावयाला ऐकवते, आणि तो म्हणतो, कोणाची मुलगी ते कळतं.

तर तान्हा पोळा. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीतली सगळी पोरं लाकडी बैल चाकांवर ओढत घरोघर जायची. बाया बैलाच्या कपाळाला टिक्का लावायच्या आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवायच्या, एखादं नाणं नाहीतर खोबरं-साखर. मी आठ वर्षांची असेन. आपल्या घरी देव नव्हते. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या साली ते सगळे उचलून वैनगंगेत सोडले होते, हे मला पाठ होतं. पण बैल हवा होता, सगळ्यांकडे होता. मी तुमच्या मागे लागले, आणि तुम्ही गॅरेजमधून आलात तेव्हा पिशवीतून निघाला एक ट्रक. मी म्हटलं, "हा बैल नाई." तुम्ही उकिडवे बसलात. म्हणालात, "डिझेल खाते, चारा नाई खात. पण ओढते बैलाइतकंच." माझं तोंड काही सरळ होईना. तेव्हा तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "मले गोल काम येत नाई बाई. मले सरळ काम येते."

मी दोरी बांधून ट्रक नेला. तिसऱ्या की चौथ्या घरी एक काकू ताट घेऊन बाहेर आल्या, खाली वाकल्या आणि तशाच थांबल्या. बोटावर कुंकू. म्हणाल्या, "याले टिक्का कुठी लावू वं पोरी?" सगळी पोरं खिदळली. काकूही हसल्या, वाईट नव्हत्या त्या. शेवटी बॉनेटवर लावला. मी बोजारा न घेताच घरी आले. ओसरीत आजोबा बसले होते. त्यांनी अंगठ्याने बॉनेटवरचा टिक्का पुसला आणि म्हणाले, "ट्रकले कायचा टिक्का." हे मला इतकं स्पष्ट आठवतं की त्यांच्या अंगठ्याचं फुटलेलं नखही दिसतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचीच पंचाईत होणार आहे.

मोठी झाल्यावर मी या ट्रकची एक कहाणी केली. विहारात वर्षावासात बाया जमल्या की मी सांगायचे: माझ्या बाबांनी घरात नंदी येऊ दिला नाही, पण लेकीचा सणही बुडू दिला नाही, नंदीच्या जागी ट्रक दिला. बाया माना डोलवायच्या. एकदा कोणीतरी डोळे पुसले. तुम्ही स्वतः असं कधीच म्हणाला नव्हतात. तुम्ही म्हणाला होतात, गोल काम येत नाही. मी दोन्ही खरं मानलं, तत्त्वही आणि हाताची मर्यादाही, आणि दोन्ही इतकी वर्षं एकमेकांच्या शेजारी गुण्यागोविंदाने बसली होती.

या वर्षी ठरवलं, तोच ट्रक करायचा, जसाच्या तसा. पुढच्या चाकांवरचे मडगार्ड आतून कोरायला मला गोल तोंडाची पटाशी लागली. तुमच्या पेटीत तळाशी एक होती, फडक्यात गुंडाळलेली. मी तिला कधी हात लावला नव्हता. उलगडली तर पातं अर्ध्याहून कमी उरलेलं. घासून घासून, धार लावून लावून झिजलेलं. बाबा, मी आता कारागीर नसले तरी हत्यार वाचता येण्याइतकी झाले आहे. ज्याला गोल काम येत नाही त्याची गोल पटाशी अशी झिजत नाही. आणि आणखी एक आठवलं. तुमचा ट्रक पिवळट, हलका होता. ते शिवणीचं लाकूड, गॅरेजमध्ये कधी नसायचं. शिवणीचे बैल करतात.

मी पटाशी घेऊन आईकडे गेले. ती लसूण सोलत होती. मी विचारलं, बाबांना गोल काम येत होतं का? तिने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी विचारलं, बाबांना चालता येत होतं का. "तुया जल्माच्या आधी दर साली बैल बनवे ना तो. बाजारात नेये इकाले. वशिंड असं करे का हात फिरवतच राहावं."

"मंग मले काऊन ट्रक दिला?"

"बैलच बनवला होता तुले. बनवून झाला होता. तुया आज्यानं पाह्यला, काई बोलला नाई, निस्ता पाहत राह्यला. मंग तुया बापानं करवत घेतली अना पाय कापले. त्याच लाकडाचा ट्रक केला."

मग मला सगळं लख्ख दिसायला लागलं. तुम्ही वडिलांचा मान ठेवलात, आणि मी आजोबांवर रुसू नये म्हणून खोटेपणा स्वतःच्या अंगावर घेतलात, कारागिराला सगळ्यात जड जावं असं खोटं: मला येत नाही. मी रडले. त्या दिवशी मी हा नवा ट्रक उलटा केला, कारण हे खरं असेल तर तुमच्या ट्रकच्या पोटाशी बैलाचं पोट उरलेलं असणार. लहानपणी तो काखेत धरून चालताना बोटांना खाली काहीतरी गोल लागायचं, तेही मला आठवलं.

पंधरा दिवसांनी आई आपणहून म्हणाली, "त्या बैलाची मान तडकली होती. लाकूड ओलं होतं. फेकाचं कसं, म्हून ट्रक केला." मी म्हटलं, अगं त्या दिवशी तर तू म्हणालीस, आजोबांनी पाहिलं. ती म्हणाली, "आजा कुठी होता? आजा तई वडस्याले होता तुया आत्याकडे, दिवाळीले आला." मग बॉनेटवरचा टिक्का कोणी पुसला? ते फुटकं नख कोणाचं? मी चिडून आवाज चढवला, तर ती माझ्याहून चिडली. "मले का इचारून राह्यली? तूच त मांगला होता ट्रक. मले बैल नाई पाहिजे, बाबाच्या गॅरेजसारखा ट्रक पाहिजे म्हून लोळत होती आंगनात."

आता बोला. आई ऐंशीची आहे, सकाळी जेवली की नाही हे दुपारी विसरते. पण तिच्या तिन्ही गोष्टी सांगताना तिचा चेहरा सारखाच खात्रीचा होता, आणि माझा कधी नसतो तेवढा. मीच मागितला असेल का ट्रक? मागितला आणि पोरं हसल्यावर फिरले का? मग तुमचं ते "गोल काम येत नाई" कुठून आलं, ते मी रचलं का? आणि बोटांना लागलेला तो गोलावा आईने सांगण्याआधी आठवत होता की सांगितल्यावर आठवायला लागला? गुण्या लावायला जावं तर लावायचा कशाला, वस्तूच नाही. खरं सांगते, मला तुमचा राग येतो. एवढं साधं होतं, एकदा सांगून जायचं. तुम्ही तीस वर्षांपूर्वी गेलात, त्याआधी मी तुमच्या शेजारी बसून किती जेवले, तुम्ही भाजीत मीठ कमी आहे म्हणालात, पावसाबद्दल बोललात, आणि हे नाही.

पण मीही नाही बोलले. आता ते लिहिते. ट्रक हरवला असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तो हरवला नव्हता. त्या तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई विहिरीवर गेली होती, आणि अंगणातल्या चुलीवर तुमच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. मी ट्रक जाळात सरकवला. फाळका आधी गेला. मग तो आत कलंडला आणि उलटा झाला, आत्ता टेबलावर आहे तसाच, चाकं वर. मी चुलीसमोर बसून होते, माझं तोंड भाजत होतं, आणि त्याची खालची बाजू माझ्याकडे होती. मी ती पाहिली असणार. हातभर अंतरावर होती. जगात ती शेवटची मीच पाहिली, आणि मला चाकं आठवतात, जाळ आठवतो, ती आठवत नाही.

सपाट की गोल, मी कितीही डोळे मिटले तरी दिसत नाही. तुमची पटाशी हातात घेते आणि खाली ठेवते.

त्या सकाळी तुम्ही अंगणात बाहेर आलात. मी म्हटलं, बाबा, ट्रक हरवला, गल्लीतून कोणी नेला. तुम्ही म्हणालात, "सापडते बाई, जाते कुठी." मग तुम्ही त्या पाण्याने आंघोळ केली, डोकं ओलंच होतं, आणि गल्लीत ट्रक शोधायला गेलात.