जॅनिसचे अकरा फोटो

ग्रिम्सबी, ३ नोव्हेंबर २००९

प्रिय ग्लेनिस,

काल संध्याकाळी दोनदा तुझ्याकडे फोन वाजला, तू "हॅलो, हॅलो" केलंस आणि पलीकडून कुणी बोललं नाही. ती मीच होते. तुझा आवाज ऐकला आणि घाबरून फोन ठेवून दिला. तेवीस वर्षांत दोन ओळी न लिहिणारी ही बया आज कुठून उगवली, असं म्हणशील. म्हण. घाईत लिहितेय, तेवढं अक्षर लावून घे.

आधी धंद्याची बातमी. आपली ‘ब्लँचर्ड अँड प्राइस’ वृत्तसंस्था मी विकतेय. लंडनची एक कंपनी घेतेय, शुक्रवारी सह्या आहेत. मासळीबाजारावरची ती खोली, एक टेलिफोन आणि दोघींत मिळून एक टाइपरायटर! कोर्टातून धापा टाकत यायचं आणि लंडनच्या सात पेपरांना तोच मजकूर सात वेळा फोनवर वाचून दाखवायचा. आपण खुनाचा खटला सांगतोय आणि पलीकडचा टंकलेखक जांभई देत विचारतोय, "अजून बरंच आहे का हो बाई?" बातमी आपली, वर नाव त्यांच्या बातमीदाराचं. तू चिडायचीस. मी म्हणायचे, नाव घेऊन काय करायचंय, उद्या पुन्हा आपल्यालाच विचारतील एवढं बघ. तसंच झालं. लिंकनला आणि हलला माणसं बसवली, चौदा जणांचं बिऱ्हाड झालं. आता पेपरच बंद पडताहेत, आणि उरलेले आपलीच बातमी इंटरनेटवरून फुकट उचलतात. ही विक्री फिसकटली तर नाताळाआधी चौदाही जण घरी बसतील. मला झोप नाही.

आणि नेमका याच वेळी तो आला. कीथ ब्लेड्स. जॅनिसचा धाकटा भाऊ. गेला आठवडाभर रोज सकाळी नऊला समोरच्या फुटपाथवर उभा राहतो. शिवी नाही, आरडाओरडा नाही. मी खिडकीशी गेले की हात वर करून नमस्कार करतो. त्या सभ्यपणानंच माझं पाणी पाणी होतं. मी मागच्या दारानं ये-जा करते, स्वतःच्या कचेरीत चोरासारखी.

जॅनिस तू विसरली नसशील. सात वर्षांची पोर गोदीत बुडाली आणि त्या घरी सगळ्यांच्या आधी आपण पोचलो. तू स्वयंपाकघरात तिच्या आईचा हात धरून बसलीस, चहा केलास. मी बैठकीत होते. मागितला होता एक फोटो. मी शेकोटीवरचे, भिंतीवरचे, अल्बममधले, अकराच्या अकरा उचलले. मागून येणाऱ्या बातमीदाराच्या हाती काही लागता कामा नये, ही धंद्याची रीतच होती. "उद्या आणून देते हं," असं म्हणाले मी त्या बाईला. दुसऱ्या दिवशी सगळ्या देशात आपलाच फोटो छापून आला, आणि तिथून लंडनचे संपादक आपल्याला ओळखायला लागले. तू रोज माझ्या मागे लागायचीस, "बेरिल, ते फोटो देऊन ये गं." मी म्हणायचे, चौकशी होऊ दे, तेव्हा पेपर पुन्हा मागतील. त्या आईची तीन पत्रं आली. आधी लाज वाटली म्हणून उत्तर दिलं नाही, मग भीती वाटली म्हणून, मग सवय झाली. तू मला सोडून गेलीस त्याला हेच कारण होतं ना? तू कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही.

काल मी त्याला आत बोलावलं. टोपी हातात घेऊन बसला. म्हणाला, "भांडायला नाही आलो, बाई. आईचे आता थोडेच दिवस राहिलेत. तिला ताईचा चेहरा आठवेनासा झालाय. नुसते फोटो द्या. नाहीतर मला पेपरांकडे जावं लागेल, दुसरं कुणाकडे जाऊ?" ग्लेनिस, मला माझंच दार दिसलं. आपण शिकवून तयार केलेली पोरं त्या दारात वह्या घेऊन उभी, आणि लंडनवाले करार गुंडाळून निघालेले.

फोटो नाहीत. एक्क्याण्णव साली जागा बदलताना ती पेटी मीच कचऱ्यात दिली, उघडूनही पाहिली नाही. हे त्याला सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडून निघालं ते भलतंच: "फोटो ग्लेनिस प्राइसकडे आहेत." वर टेन्बीचा तुझा पत्ता लिहून दिला. सह्या होईपर्यंत चार दिवस मिळावेत, एवढ्यासाठी. ज्या एकटीनं ते परत द्या म्हटलं, तिच्यावरच ढकललं. शनिवारी तो तुझ्याकडे येतोय. दार उघड. फोटो कुणी टाकले ते माझं नाव घेऊन सांग, मग माझं काय व्हायचं ते होवो. मला त्याच्या तोंडावर सांगता येत नाही गं, मी भित्री आहे. आज पुन्हा समोरच्या फुटपाथकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं, आणि मला जास्तच भीती वाटली. काल त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला, डोळे पुसले आणि माझ्यासमोरच घरी फोन लावला. "अगं आई," म्हणाला, "सापडले."

तुझीच, असं म्हणायचा हक्क राहिला असेल तर,
बेरिल