बडोद्यासाठी दोन किलो सेव

३ नोव्हेंबर
बाबा आज मल्हारगंजला, आमच्या कुरिअरच्या काउंटरवर. हातात खोकं, वर कदमकाकांचा बडोद्याचा पत्ता. "सेव आहे, दोन किलो. लिख दे, बेटा." त्यांचा हात थरथरतो, म्हणून फॉर्म मीच भरला, त्यांची सहीही मीच ठोकली. इंदूरहून सेवच जाते, कोणी उघडून बघत नाही. पण खोकं उचललं आणि आत डुचमळलं. सेव डुचमळत नाही. बाबा आणि काका फौजेत एकाच पलटणीत होते, दहाला त्या पलटणीचा दिवस. दोघं दरवर्षी महूला भेटून एकेक पेग घेतात, फौजी कॅन्टीनच्या रमचा. यंदा काका अंथरुणाला खिळलेत.
विचारलं नाही. विचारलं असतं तर बुक करता आलं नसतं.

५ नोव्हें.
मॅनेजर तिवारीजींनी सर्क्युलर वाचून दाखवलं. दारू पार्सलने कुणाच्या घरी पाठवायची नाही, बुक करणाराही आरोपी. गुजरातेत तर दारूबंदीच. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. खोकं गुजरातच्या हद्दीवर, दाहोदला अडलंय. चोराच्या मनात चांदणं, दर फोनला दचकते.

६ नोव्हें.
अजून दाहोद. बाबा : "पोहोचलं?" म्हटलं, सणाची गर्दी आहे.

८ नोव्हें.
दाहोदचा फोन ठेवून तिवारीजी अगदी हळू आवाजात : "मॅडम, इंदौर से सेव ही जाती है. पर ये वाली टपक रही है." फॉर्म शोधायला मलाच सांगितलं. पाच मिनिटांत सापडला, अक्षर माझं, बाबांची सहीही माझ्याच हातची. सापडत नाही असं त्यांना सांगितलं आणि माझ्या पर्समध्ये टाकला. का टाकला, देव जाणे.

९ नोव्हें.
बाबांना काकांचा फोन, स्पीकरवर. दोन माणसं घरी येऊन गेली, बाबांचं नाव दाखवून विचारलं. "मी म्हणालो, ओळखत नाही. ठीक केलं ना, भाऊ?" बाबा म्हणाले, "एकदम ठीक." मग जेवले नाहीत. मला रडूच आलं.

१० नोव्हें.
पलटणीचा दिवस. उद्या अकराला आबकारीच्या ऑफिसात बोलावलंय, बाबांना आणि मला. तिवारीजी म्हणाले, फॉर्म घेऊनच या, नाहीतर नोकरी विसरा.
बाबांनी मेडलवाला कोट काढून ठेवलाय. "मी सांगतो, बाटली माझी. पोरीला काही माहीत नव्हतं." मग माझ्याकडे बघत राहिले. "तूने उठाया था ना वो डिब्बा. कळलं नव्हतं ना तुला, बेटा?"
चहा टाकते म्हणून उठले. चहा होऊन गार झाला, मी अजून स्वयंपाकघरातच आहे. बाहेर बाबा तसेच बसलेत.