टाळूवरचा हात

तीर्थरूप आईस, सोनालीचा लंडनहून दंडवत.

मी बरी आहे. थंडी आहे, पण तुझं घोंगडं तिला पुरून उरतं. तुझा गुडघा कसा आहे? शेरडांमागं अजून तूच जातेस का?

माझं काम काय, ते तू विचारलं होतंस. काही बाळांच्या कवटीचे सांधे वेळेआधीच जुळतात आणि मेंदूला वाढायला जागा उरत नाही. डॉक्टर ऑपरेशन करून हाडात बारीक स्प्रिंगा बसवतात, मग डोकं हळूहळू रुंद होतं. कुठली स्प्रिंग कुठं बसवली तर आकार कसा येईल, ते मी आधी कॉम्प्युटरवर काढून दाखवते.

काल त्यातली एक पोरगी तपासणीला आली. तीन महिन्यांपूर्वी मी पडद्यावर जे डोकं काढलं होतं, तेच तिच्या मानेवर होतं, आणि ती हसत होती. तिच्या आईनं माझा हात धरून लेकीच्या टाळूवर ठेवला. खाली ठोके लागत होते. माझा हात तिथनं निघेना.

शेजारच्या बाळांची टाळू भरताना तू मला म्हणायचीस, "हात हलका ठेव, हितं जीव हाय." इतकं शिकून मला ते काल कळलं.

बिरुदेवदादाच्या बाळाचा प्रत्येक फोटो टोपड्यातलाच येतो. कपाळ जरा पुढं आल्यासारखं वाटतं. माझी नजरच आता तशी झाली असेल. तरी न्हाऊ घातल्यावर वरून एक फोटो काढून पाठव, आणि टाळू हाताला मऊ लागते का ते बघ.

फोनवरच विचारलं असतं. पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि वहिनी शेजारीच बसलेली असते.

तुझी,
सोनाली