बाथरूमचा दांडा आणि तीन ड्रिल

४ मार्च
बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रविवारी घरी येणार. बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा हवा. बायको म्हणाली, मिस्त्रीला बोलावू. अजिबात नाही! तुला नाही जमायचं म्हणत बाबांनी जन्मभर माझ्या हातातली हातोडी काढून घेतली. हा दांडा मीच बसवणार.

५ मार्च
स्वस्त कंपनीचं ड्रिल आणलं. दिशेच्या बटणावर दोन बाण. मी डावखुरा, म्हणून डावीकडे सरकवलं. माहितीपुस्तक वाचलं नाही, ते नवशिक्यांसाठी असतं. टाइलवर नुसता काळा डाग. निष्कर्ष: कंपनी भंगार.

६ मार्च
मेहुण्याकडून मधल्या कंपनीचं आणलं. बटण उजवीकडे होतं. सुधारून घेतलं. आवाज दणदणीत, काम शून्य. मेहुणा म्हणतो, याच ड्रिलने अख्खं स्वयंपाकघर बसवलं. थापाड्या लेकाचा!

७ मार्च, संध्याकाळ
साहेबांचं महागडं ड्रिल. टाइलमधून धूर. बायको म्हणाली, उलटं तर फिरत नाही ना? हिला काय कळतंय यातलं! तिन्ही कंपन्यांना नेटवर एकेक तारा देऊन टाकला. जरा बरं वाटलं.
पण उद्या बाबा येणार. ओल्या फरशीवर घसरले म्हणजे?

८ मार्च, रविवार
बाबा आले. काठी टेकत थेट बाथरूममध्ये. डाग बघितले, स्टुलावर बसले, स्वस्तातलं ड्रिल मागितलं, बटण उजवीकडे सरकवलं. भोक पडलं. बायको तोंडावर टॉवेल धरून बाहेर गेली. मी बाबांना ठणकावून सांगितलं की डावखुऱ्या माणसाचा विचार एकाही कंपनीने केलेला नाही.
बाबांनी ड्रिल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, दुसरं तू पाड. आयुष्यात पहिल्यांदा! डोळे भरून आले. त्यामुळे पेन्सिलची खूण नीट दिसली नाही. ड्रिल मात्र लोण्यात जावं तसं आत गेलं, थेट पाण्याच्या पाइपात.

रात्री
घरात पाणी बंद. उद्या मिस्त्री येतोय. भोक एकदम सरळ पडलंय, हे बाबांनीही डोकं पुसता पुसता मान्य केलं. मग बॅग उचलून मेहुण्याकडे राहायला गेले. त्याच्या बाथरूममध्ये दांडा आहे. म्हणे त्याने स्वतः बसवलाय.
उद्या जाऊन बघणार आहे. वाकडाच असेल.