डाव्या बाजूचं वजन

प्रिय कुंदा,

आरे-वारेच्या चढावर तू गाडी थांबवलीस, माझ्या मांडीवरचे दोन नारळ उचललेस आणि रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर नेऊन ठेवलेस. आठवतं? "वजन होतंय गं," म्हणालीस. मी चिडून म्हटलं, "मग मीच उतरते की!" तर तू मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलंस आणि म्हणालीस, "तुझा विचार नंतर करू." घर येईपर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही.

आज लिहायला बसले, कारण उद्या सकाळी ट्रक येतोय. तुझी लाल गाडी त्यात चढणार आणि दक्षिणेतल्या रेसच्या ट्रॅकवर जाणार. जिथे जायचं तू इतकी वर्षं म्हणत होतीस, तिथे. चालवणार तुझ्या भावाची मुलगी, मुग्धा. आणि कुंदा, मला भीती वाटते आहे. तुझ्याशिवाय ती सांगू कुणाला?

तू गेल्यावर गाडी माझ्या शेडमध्ये होती तशीच उभी होती. अर्धी सोललेली. कार्पेट तू काढलं होतंस, स्टेपनी काढली होतीस, हीटर तर पहिल्याच दिवशी. "रत्नागिरीत हीटर! कुणाला शेकायला?" असं म्हणून तू कशी हसली होतीस! आजारपणातही केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधे येऊन जमिनीवर उताणी पडायचीस आणि तळाचा तो डांबरी थर खरवडायचीस. मी टॉर्च धरायची. पाना मागितलास की पाना द्यायची. एवढंच माझं काम, आणि मला ते आवडायचं.

माझ्या सीटला मात्र तू हात लावला नाहीस. नुसत्या धमक्या दिल्यास. "नलू, या खेपेला तुझी सीट जाणार हं." दर वेळी मी रुसायची आणि दर वेळी सीट राहायची.

मुग्धाने ती काढली. मी बाजारात गेले होते, परत येते तर सीट अंगणात, फणसाखाली. मी तिला काय काय बोलले ते तुला सांगत नाही. ती शांतपणे म्हणाली, "नलूमावशी, ट्रॅकच्या गाडीत रिकामी सीट कोण ठेवतं? उगाच ओझं."

"ती रिकामी नाही," मी म्हटलं.

तिने सीटवर पडलेली पानं झटकली. पण सीट तिने परत बसवली नाही. तुझ्याच घराण्यातली!

मागच्या आठवड्यात आम्ही गाडी त्या बंद कारखान्याच्या आवारात नेली. परवानगी काढली होती. लांब सरळ रस्ता, शेवटी जांभ्याची भिंत. मुग्धा दोनदा हळू गेली, तिसऱ्यांदा जोरात. ब्रेक लावला आणि पुढचं डावं चाक जागीच अडकलं. धूर निघाला, गाडी उजवीकडे फिरली आणि सरळ भिंतीकडे! भिंतीपासून हातभर अंतरावर ती थांबली. मुग्धा उतरली, हेल्मेट काढलं, आणि रस्त्यातच फतकल मारून बसली. तिच्या तोंडावरचा रंग गेला होता. मी तिला पाणी पाजलं. निम्मं तिच्या कपड्यांवरच सांडलं.

"आता जायचं नाही," मी म्हटलं.

"जायचं," ती म्हणाली. "पण आधी गाडी तोलायची."

मला वाटलं होतं ट्रकच्या काट्यावर नेईल. नाही. हिला एकेक चाक वेगळं तोलायचं होतं, चार चाकांखाली चार काटे. तसले काटे रत्नागिरीत असणार कुठे? मिरकरवाड्यात, मासळीच्या लिलावाला! वारा सुटला होता, बोटी बंदरात बांधलेल्या, म्हणून हिरावैनीचे काटे मोकळे होते. तुझी हिरावैनी गं, तुला नेहमी मोठी सुरमई राखून ठेवणारी. टेम्पोतून काटे घेऊन स्वतःच आली.

"काय गो पोरी, गाडी काय हलवा हाय की पापलेट, काट्यावर घालतेस ती?" मुग्धाला म्हणाली. मग शेडच्या दारात टेकून तिने गाडीची ती दशा पाहिली. "आणि हिचा आतला कोथळा कुणी काढला?"

"आत्यानेच," मुग्धा म्हणाली.

"मग बरोबर. कुंदाबाय मासळी पण मला नीट साफ करू द्यायची नाय. स्वताच बसायची सुरी घेऊन."

जमीन कुठे उंच, कुठे सखल. चिऱ्यांचे तुकडे आणि फरशा घालून आम्ही चारही काटे एका पातळीत आणले. गाडी वर चढवली. सगळ्या शेडला बंदराचा वास सुटला. मुग्धा आत बसली आणि मी आकडे वाचले. खाटेचा एक पाय आखूड असावा तशी गाडी तिरकी उभी होती. पुढच्या डाव्या चाकावर भारच नाही, म्हणून तर ते आधी अडकलं. मुग्धा खाली वाकून बघायला लागली. प्रत्येक स्प्रिंगच्या बुडाशी त्या चाकावरचा भार कमीजास्त करायला फिरवायची कडी असते ना, त्या चारही कड्यांवर तुझी पांढऱ्या रंगाची खूण होती. म्हणजे त्या सैल पडल्या नव्हत्या. तू लावल्यास तिथेच होत्या.

"आत्या अशी चूक करणार नाही," मुग्धा म्हणाली. चारही खुणांवरून तिने एकेकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "मावशी, सीट आण."

आम्ही दोघींनी सीट आणून बसवली. "बस," ती म्हणाली. मी बसले. माझे गुडघे दुखतात हे तुला माहीत आहे, आणि गाडी उलटली तर वाचवणाऱ्या त्या पाइपच्या पिंजऱ्यातून आत शिरणं म्हणजे! पण बसले, पाठ ताठ ठेवून, शाळेत सिस्टर बघत असल्यासारखी. हिरावैनी चष्मा लावून एकेक आकडा मोठ्याने ओरडली. पुढचं डावं आणि मागचं उजवं यांची बेरीज, उरलेल्या दोघांची बेरीज. मुग्धाने दोनदा केली.

सारखी! कुंदा, दोन्ही सारख्या. गाडी तोलात!

"आत्याने गाडी दोघींसाठी लावली होती," मुग्धा म्हणाली.

मला का नाही सांगितलंस? मी रुसून बसले की तुझ्या डोळ्यांत ते हसू असायचं, ते हेच का? माझं वजन तुला कसं कळलं, हेही मला अजून उमगत नाही. की मी शेडमध्ये टॉर्च धरून सीटवर बसलेली असायची, तेव्हाच तू मला मोजून घेतलंस? बोलायला काय जात होतं तुझं?

मी खूप रडले. हिरावैनी म्हणाली, "रड गो, पण खाली उतरून रड, काटा हलतोय माझा." तशातही आम्ही तिघी हसलो.

मग खरी पंचाईत झाली. मुग्धा म्हणाली, "मावशी, तूच चल. शेजारी माणूस बसू देतात तिथे. कड्यांना हात लावायला नको, आत्याने लावलंय तसंच राहू दे."

मला हो म्हणायचं होतं. तुझा हात जिथे शेवटचा लागला ते कुणी फिरवू नये, असं मला किती वाटत होतं! पण भिंतीकडे फिरलेली ती गाडी डोळ्यांपुढून जात नव्हती. मी विचारलं, "मी शेजारी असले, तर वळणावर तुझं लक्ष कुठे असेल?"

ती खोटं बोलत नाही, तुझ्यासारखीच. "थोडं तुझ्याकडे," म्हणाली.

"मग सीट काढ," मी म्हटलं. "आणि पाना मला दे."

कड्या मी फिरवल्या. ती आकडे सांगत होती, मी फिरवत होते. डावीकडची पुढची कडी हलेना. तुझा रंग घट्ट बसला होता. मी जोर लावला तेव्हा खूण तडकली. तुझी क्षमा मागत नाही, कुंदा. तू असतीस तर तूही तेच केलं असतंस, आणि माझ्यापेक्षा लवकर.

काल पुन्हा त्याच आवारात गेलो. मुग्धाने त्याच जागी, तितक्याच जोरात ब्रेक लावला. गाडी सरळ थांबली. पुन्हा लावला. सरळ. तरी माझी भीती गेलेली नाही. ट्रॅकला वळणं आहेत, दुसऱ्या गाड्या आहेत, आणि ती तुझीच भाची आहे.

म्हणून गाडीची आणि तिच्यातून निघालेल्या सामानाची वाटणी सांगून ठेवते. तुझ्या भावालाही आज फोनवर हेच सांगितलं. रेडिओ त्याला, कारण तुम्ही दोघं त्यावरून भांडायचात. स्टेपनी आणि कार्पेट आवाराच्या वॉचमनला, त्याने मागितलंय. हीटर हिरावैनीच्या भाच्याला, मोटारी खोलून बघायचा त्याला नाद आहे. छताचं कापड हिरावैनीला, ओट्यावर सावली करायला. सीट माझी, तिला लाकडी पाय लावून घेणार.

आणि गाडी मुग्धाची. ट्रॅकवर काहीही झालं, पत्रा चेपला, इंजिन गेलं, ती घाबरून परत आली, तरी तिचीच. तुझा भाऊ म्हणाला, "काही झालं तर विकून टाकू, पोरीला कशाला हा धोका?" मी सांगितलं, किल्ली तिच्याकडून कुणी मागायची नाही. मीसुद्धा नाही.

मी तिच्याबरोबर जाते आहे. कठड्याशी उभी राहीन, आणि ती पहिल्या वळणाला ब्रेक लावेल तेव्हा डोळे मिटणार नाही. हे वचन.

तुझी,
नलू